पात्याखालची वाट

पवनचक्कीचं पातं रस्त्याने न्यायचं, तर आधी कुणाला तरी तो रस्ता पायी पाहून यावं लागतं. आमच्या वाहतूक कंपनीत हे काम माझ्याकडे होतं. कुठली मोरी भार पेलेल, कुठल्या वीजतारा उचलाव्या लागतील, कुठल्या वळणावर पात्याचं शेपूट कुणाच्या अंगणात शिरेल, हे टेप लावून बघत मी फिरायचो.

त्या उन्हाळ्यात पाती सिरोंच्यावरून गोदावरीपलीकडे जायची होती. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात रस्ता एकदम काटकोनात वळत होता. गावाला डांबरी रस्ता तो एकच. मी माप घेत असताना वळणावरच्या घरातली म्हातारी मोहफुलं वाळत घालता घालता म्हणाली, "किती वेळ बंद राह्यते रस्ता, भाऊ?"

"दोन-तीन तास, बाई."

"माह्या सुनेले नववा लागला आहे. तवाच पोट दुखलं तं तिले कुठून नेऊ?"

आमच्या आराखड्यात पुलांचा, तारांचा, झाडांचा विचार होता. त्या वेळात माणसं कुठून जातील याचा नव्हता. मी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना गाठलं. पातं येईल त्या दिवशी वळणापलीकडे, रुग्णालयाकडच्या बाजूला एक अॅम्ब्युलन्स उभी ठेवायची, असं आम्ही ठरवलं. साहेब फोनवर म्हणाले, "एका घरासाठी?" मी म्हणालो, "हो, एका घरासाठी." ते बरं म्हणाले.

पहिलं पातं ठरल्या दिवशी सकाळी आलं. वळण अर्धं झालं आणि ट्रेलरचं मागचं चाक रस्त्याच्या कडेला मातीत रुतलं. दोन्ही बाजूंना खोल नाली, मध्ये आडवा ट्रेलर. क्रेन यायला वेळ होता. तेवढ्यात आशाताई धावत आल्या.

"तिचं पोट दुखून राह्यलं."

पलीकडे अॅम्ब्युलन्स दिसत होती. जायला जागा एकच, पात्याच्या शेपटाखालून. पात्याखाली कुणी जायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना सांगत आलो होतो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुन्हा एकदा तपासले आणि मान हलवली.

खाट आणली, पण खाली वाकून ती नेता येईना. सून म्हणाली, "मले चालू द्या." एका बाजूला आशाताई, दुसऱ्या बाजूला मी, मागे म्हातारी. नेमकं पात्याखाली आल्यावर तिला कळ आली. ती थांबली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. वर ते पांढरं अजस्र धूड. मला वर बघवेना.

"होऊ द्या, घाई नाई," आशाताई म्हणाल्या.

कळ ओसरली. ती वाकून चार पावलं चालली आणि उजेडात आली.

दुपारनंतर चाक निघालं, पातं पुढे गेलं. मीही त्याच्याबरोबर नदीपर्यंत गेलो. परतताना रुग्णालयात डोकावलो. मुलगी झाली होती, सून गाढ झोपली होती. म्हातारीने मला बसवलं, कापडात गुंडाळलेली नात माझ्या मांडीवर ठेवली आणि, "चाय आणतो, हलू नका," म्हणून निघून गेली. एवढं लहान मूल मी तोवर कधी घेतलं नव्हतं. ती येईपर्यंत मी खरंच हललो नाही.