ढोलीचं दार कोण लिंपते?

बायकोशी चाललेल्या एका वादाचा निकाल लागायचा राहिला होता, म्हणून मी या वयात कॅमेरा घ्यायला निघालो. बायको मागच्या उन्हाळ्यात गेली. वाद तिथंच राहिला.

वाद पाखराचा होता. आमच्या गच्चीसमोर, रस्त्यापलीकडे, शिरसाचं जुनं झाड आहे. मी जन्मभर लकडगंजात आरा मशीनवर लाकडं चिरली, त्यामुळे कोणतंही झाड पाहिलं की मला आधी फळ्या दिसतात. या झाडात काही दम नाही, आतून पोकळ आहे. पण त्याच पोकळीत दर उन्हाळ्यात धनेशाची जोडी येते. राखी रंग, घारीएवढं अंग, वाकडी मोठी चोच. मादी ढोलीत शिरते, मग ढोलीचं तोंड लिंपून बंद होतं. एक फट तेवढी राहते. नर त्या फटीतून तिला वडाची फळं भरवतो. पिल्लं मोठी होईस्तोवर बाई आत.

मी म्हणायचो, तो तिला कोंडतो. बायको म्हणायची, ती स्वतःच आतून लिंपून घेते.

"अजी, बाप्या माणसानं कधी घर लिंपलं हाय का?" ती म्हणे. "तुम्ही लिंपलं?"

"पाखराचं अन् माणसाचं एकच हाय का वं?"

"एकच हाय. अन् पाहा तो कसा बायकोले डब्बा आणून देते. तुमचा डब्बा मीच भरला जलमभर."

तिचं माहेर कन्हानकडचं. मातीच्या भिंतीत वाढलेली. शेण-माती कालवायची, भिंतीवर थापायची, हाताची पाठ फिरवून सारखी करायची, हे तिनं लहानपणापासून केलेलं. आमच्या घराला सिमेंट लागल्यावर ती काही दिवस हिरमुसली होती, आता उन्हाळ्यात करू काय म्हणून. संध्याकाळी आम्ही चहाचे कप घेऊन गच्चीवर बसायचो आणि तोच वाद घालायचो. पोरगी लग्न होऊन मनीषनगरात गेली, माझं काम सुटलं, त्यानंतर भांडायला घरात दुसरं काही उरलं नव्हतं. हा वाद आम्ही जपून वापरला. संपू दिला नाही.

मागच्या वर्षी ढोली बंद व्हायच्या दिवसांतच ती धंतोलीत दवाखान्यात होती. मी सकाळी घरून पातळ खिचडी नेत असे. एका सकाळी तिनं डोळे उघडले आणि मला पहिलं हेच विचारलं, "लिंपलं का?"

"लिंपलं. त्यानं पुरं बंद केलं."

"त्यानं नाही," ती म्हणाली. "तिनं."

त्यानंतर ती बोलली ते औषधाचं आणि पाण्याचं.

यंदा जोडी परत आली. मादी ढोलीत शिरून बसायला लागली, तोंड रोज थोडं बारीक होत होतं. मी गच्चीवरून डोळे फाडून पाहिलं तरी मला काळं भोक आणि त्यात काहीतरी हलतंय एवढंच दिसे. मोबाइलमध्ये फोटो काढला तर झाड आलं, पाखरू नाही. एकदा ढोली बंद झाली की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, हे मी कोणाला विचारत नाही.

पोरीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मंग कॅमेराच घेऊन टाका. मी येतो संगं."

सीताबर्डीवरच्या दुकानात आम्ही दुपारी गेलो. दुकानदार पोट सुटलेला, बोलायला गोड. त्यानं काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एकाला म्हणाला डीएसएलआर, दुसऱ्याला ब्रिज कॅमेरा.

मी म्हणालो, "मले पूल नाही, पाखरू काढायचं हाय."

पोरगी तोंडावर ओढणी घेऊन हसली. दुकानदार हसला नाही, धंदेवाला माणूस. त्यानं समजावलं की साधा कॅमेरा आणि मोठा कॅमेरा यांच्या मधला म्हणून ब्रिज. याची लेन्स निघत नाही, पण लांबचं जवळ ओढते. डीएसएलआरची लेन्स निघते, फोटो जास्त साफ येतो. मात्र ते आता बंद होत चाललेत, त्याच्याकडे थोडेच उरलेत.

पोरीचा जीव डीएसएलआरवर. "बाबा, हाच घ्या. पोट्टे बी वापरतील पुढं."

मी तो डोळ्याला लावला. खरं सांगतो, मन बसलं. आत आरसा आहे म्हणे, त्यातून समोरचं आहे तसंच दिसतं. रस्ता, माणसं, ऊन, सगळं खरं. बटण दाबलं की खटकन आवाज येतो, जुन्या दाराची कडी लावल्यासारखा. पण समोरच्या इमारतीवरचं कबुतर मला कबुतराएवढंच दिसलं, उलट थोडं बारीकच. दुकानदार म्हणाला, याला लांबची लेन्स वेगळी घ्यावी लागते. त्यानं ती काढून दाखवली. हातात घेतली तर वजन असं की मनगट खाली गेलं. माझे हात आधीच कापतात.

मग दुसरा उचलला. डोळ्याला लावला आणि आत पाहिलं तर चक्क टीव्ही.

"हे तं चित्र हाय. खरं नाही."

"काका, चित्रच आहे, पण ओढून तर पाहा," दुकानदार म्हणाला.

ओढायचं कसं, तर वरच्या बटणाभोवती एक छोटी कडी असते, ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं फिरवायची. तेच बोट माझ्याकडं अर्धं आहे. आरा मशीननं नेलं. पोरीनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि ती म्हणाली, "मंग हा नाही जमत बाबा. तोच घेऊ."

बोट गेलं तेव्हा पोरगी पाळण्यात होती. बायको रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावून देई आणि वर टोमणे मारे, "लेकरू एक होतं, आता दोन झाले." जखम भरल्यावरही तिनं किती तरी दिवस बटणं लावली. मला येत होतं. मी सांगितलं नाही. तिलाही ते माहीत होतं असं मला वाटतं.

मी कॅमेरा ठेवून देणार होतो. पण तो डाव्या हातात धरून वळवताना लेन्सच्या बाजूला अंगठ्याखाली काहीतरी हललं आणि आतलं चित्र सरसरत पुढं आलं.

"हे काय हाय?"

दुकानदार वाकून पाहायला लागला. "हां, इकडून पण झूम होतो काका. डाव्या हातानं."

मी अंगठा दाबून धरला. कबुतर जवळ आलं, आणखी जवळ आलं, मग त्याचा लाल डोळा आला. चित्र थरथरत होतं, रंग जरा फिके होते. पण डोळ्याभोवतीची कातडीसुद्धा दिसली. बटण दाबायला मधलं बोट होतंच.

"हाच देऊन द्या," मी म्हणालो.

"काका, फोटोची क्वालिटी त्याची जास्त..."

"मले भिंतीवर नाही लावायचा. मले पाहायचं हाय, आत कोण हाय अन् काय करून राहिलं."

पोरीला वादाचं ठाऊक होतं. लहानपणापासून तिनं तो ऐकलेला. तिनं पुन्हा डीएसएलआरचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर कठड्याला दोन्ही कोपरं टेकवून बसलो. आधी काहीच सापडेना. इतक्या जवळ ओढल्यावर झाडच हरवतं, नुसती साल सरकत राहते. मागं घ्यायचं, ढोली शोधायची, मग हळूहळू पुढं जायचं. हे शिकण्यात ऊन वर आलं. शेवटी ढोली चौकटीत आली. तोंडावरची माती ओली, काळपट दिसत होती. नर बाजूच्या फांदीवर आला, मान हलवून गळ्यातून एक फळ वर काढलं, फटीत दिलं. मग दुसरं. मला वाटलं आता हा माती लावेल. मी श्वास धरून बसलो. तो फांदीवर सरकला, चोचीनं पंखाखाली खाजवलं आणि उडून गेला.

मी कॅमेरा खाली करणार तेवढ्यात फटीत चोचीचं टोक दिसलं. आतून. चोच आडवी झाली आणि ओल्या मातीवर थापायला लागली. थाप, थाप, मग जरा थांबून कडेला फिरली, हाताची पाठ फिरवावी तशी. परत थाप. घाई नाही. कोंडलेल्या बाईचं काम ते नव्हतं. स्वतःचं घर आवरणाऱ्या बाईचं होतं.

मी फोटो काढत गेलो. किती तरी काढले. त्यातला एक पोरीला पाठवायला शेजारच्या गच्चीवरच्या पोराला बोलावून घेतलं, कारण कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये कसं न्यायचं ते मला येत नाही. पोरीचा लगेच फोन आला.

"म्हणजे आई बराबर होती."

"होती."

मी फोन ठेवला.

हरल्याचं मला काही वाटत नव्हतं. हरल्यावर जे ऐकावं लागलं असतं ते पाहिजे होतं. ती आठ दिवस बोलली असती. भाजी वाढताना, कपडे वाळत घालताना, पोरीला फोनवर, बाजारात ओळखीच्या बायांना. 'आमच्या ह्यांना वाटे बाप्यानं कोंडलं तिले.' मी चिडलो असतो, उठून बाहेर गेलो असतो, रात्री जेवायला बसल्यावर तिनं परत काढलं असतं.

मी कठड्यावर परत वाकलो. ढोलीकडं पाहून मोठ्यानं म्हणालो, "जितली वं तू."

शेजारचा पोरगा अजून तिथंच होता. "कोणाशी बोलून राहिले काका?"

"बायकोशी. हरलो मी."

चोच अजून थापत होती. मी आणखी एक फोटो काढला, पण तो हलला.