पुस्तक परत करावे

पुण्यात पुस्तकं लिहिलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण वाचायला दिलेलं प्रत्येक पुस्तक परत मिळवलेला माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. त्यांच्याकडून पुस्तक नेणं मुलीला मागणी घालण्यापेक्षा अवघड. आधी हात धुवायचे, मग चिवडा खात वाचायची सवय आहे का याची चौकशी, आणि पंधरवडा उलटला की मामा स्वतः दारात हजर. "पुस्तकाची तब्येत कशी आहे?" असं विचारत आत यायचे, चहा घ्यायचे आणि पुस्तक काखोटीला मारून निघायचे. मी नेलेल्या पहिल्याच पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडलेला निघाला, तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी भाचीला विचारलं, "पत्रिका नीट पाहिली होती ना गं?"

मामा इतिहासाचे प्राध्यापक. कसब्यातल्या तांबट आळीत वर्षानुवर्षं हातोड्यांच्या ठणठणाटात बसून, म्हाताऱ्या कारागिरांना बोलतं करून, त्यांनी तांब्याच्या भांड्यांच्या धंद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. प्रकाशकाने किंमत अशी ठेवली की खुद्द मामांना दुसरी प्रत घेताना घाम फुटावा. आळीत तो ग्रंथ कुणाच्याच घरी पोचला नाही. माहिती सांगणारे एकेक करून गेले, एकच म्हातारबुवा उरले. आपली एकुलती प्रत त्यांना द्यावी, तर पंधरवड्याने मागावी लागणार. "ज्यांचं पुस्तक, त्यांच्याकडेच परत कुठल्या तोंडाने मागू?" मामा म्हणायचे. ही बोच त्यांना झोपू देईना.

मी हडपसरला आयटीत. एकदा सहज बोलून गेलो, "मामा, हल्ली अभ्यासाची पुस्तकं नेटवर सगळ्यांना मोफत खुली ठेवतात." झालं! मामा रोज प्रकाशकाच्या हापिसात जाऊन बसू लागले आणि त्याने कंटाळून परवानगी दिली. मग मामांना मूलभूत शंका आली.

"लोकांनी उतरवून घेतलेलं पुस्तक परत कसं यायचं?"

"ते परत यायचं नसतं, मामा."

"नसतं कसं? फुकट आहे म्हणून शिस्त सोडायची?"

शेवटी पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत घालावं लागलं, 'वाचून झाल्यावर पुस्तक परत करावे', आणि खाली ईमेलचा पत्ता, अर्थातच माझा. म्हटलं, कोण मनावर घेतंय! पण असले ग्रंथ वाचणारे सगळे मामांच्याच जातकुळीचे. नागपूरहून, कोल्हापूरहून, थेट कॅनडातून तीच फाईल साभार परत येऊ लागली. एकाने उशिराबद्दल माफी मागितली, तर एका बाईंनी दंड विचारला. मामा माझ्याकडे येऊन प्रत्येक फाईल उघडायचे, चहाचे डाग शोधत शेवटच्या पानापर्यंत जायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. जमा." पुसून टाकू म्हटलं, तर, "आलेलं पुस्तक टाकून देतात होय?"

तांबट आळीतून मात्र एकही परत आलं नाही. मामा स्वतः तिथे घरोघर सांगून आले होते. "म्हणजे कुणी नेलंच नाही," ते म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला राहवेना. त्यांना स्कूटरवर घालून आळीत नेलं.

म्हातारबुवा दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि त्यांची सून मोबाईलवरून मोठ्याने वाचत होती. आम्हाला बघून ती ओशाळली. "सर, परत करायचं राहिलंच हो. पण बाबा सोडतच नाहीत."

म्हाताऱ्याने तिच्या हातातला मोबाईल घेऊन छातीशी धरला. "नाही द्यायचं. माझ्या बापाचं नाव आहे यात."

आता मामा शिस्त काढणार, म्हणून मी डोळेच मिटले. पण मामा पायरीवर त्यांच्या शेजारी टेकले. "अहो, तुमचंच आहे ते," म्हणाले आणि किती तरी वेळ चष्मा पुसत राहिले. मला त्या दिवशी मामा फार आवडले.

त्यानंतर मामा फार दिवस राहिले नाहीत. म्हातारबुवांचं वाचन अजून चालू आहे. पुस्तक संपायची चिन्हं नाहीत, कारण वडिलांचं नाव आलेल्या पानाच्या पुढे ते सुनेला जाऊच देत नाहीत.