सुनंदाचा अडवून ठेवलेला फोटो

माझ्या पत्नीच्या मृतदेहाचा फोटो वर्षभर गावाच्या फेसबुक ग्रुपवर मंजुरीच्या प्रतीक्षेत होता.

हे वाक्य अनेकांना खटकेल. याहून सौम्य वाक्य मला सुचलेले नाही.

सुनंदा लिंगैक्य झाली, त्यास आज एक वर्ष पूर्ण झाले.

वालूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. ती आमच्या गावाच्या ग्रुपची मॉडरेटर होती. मी कापड दुकानाच्या गल्ल्यावर बसत असे आणि ती शेजारी मोबाईल घेऊन.

कोणत्याही वादग्रस्त पोस्टखाली लोक लिहीत, "वहिनी, हे जरा बघा."

काही जण तर पोस्ट करण्याआधीच दुकानात येत. एकदा नळाच्या पाण्यावरून संतापलेले एक गृहस्थ आले. त्यांचा मजकूर वाचून ती म्हणाली,

"पाण्याचं लिहा की. सरपंचाच्या आईवर कशाला जायलात?"

"पण वहिनी, पाणी येत न्हाई हे खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय. पण त्या म्हातारीनं का तुमचा नळ तोडलाय?"

ते हसले. आईचा उल्लेख गेला, पाण्याचा राहिला.

मात्र एका बाबतीत ती हसत नसे.

सेलूच्या रस्त्यावर एक अपघात झाला होता. मृताचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला. मृताची मुलगी परभणीला कॉलेजात होती. घरून फोन जाण्याआधी तिने तो फोटो पाहिला.

त्या दिवशी सुनंदा जेवली नाही. तेव्हापासून ग्रुपवरील प्रत्येक पोस्ट आधी मॉडरेटरकडे जाऊ लागली, आणि एक नियम झाला. मृत व्यक्तीचा फोटो घरच्यांच्या संमतीशिवाय नाही. संमती विचारण्यासाठी मॉडरेटरने त्या घरी जायचे.

"फोनवर माणूस काय बी हो म्हणतंय," ती म्हणे. "तोंडाकडं बघून विचारावं."

नंतर ती स्वतःच गेली. हृदयविकाराचा झटका. परभणीचा दवाखाना गाठेपर्यंत सारे संपले होते.

आमच्या लिंगायत समाजात मृत व्यक्तीला आडवे नेत नाहीत. भस्म लावून, हार घालून बसवतात. बसलेल्या स्थितीतच समाधी देतात.

मी सर्वांना मोबाईल खिशात ठेवण्याची विनंती केली होती. बाकी सर्वांनी ती मानली. परंतु सख्ख्या भावाला कोण अडवणार? माझे मेहुणे प्रकाशराव यांनी एक फोटो घेतला आणि ग्रुपवर पाठवला.

ग्रुपच्या दुसऱ्या मॉडरेटर रुबीनाताई. त्या ब्लाऊज शिवतात. आमच्याच दुकानातून अस्तर नेता नेता सुनंदाशी त्यांची मैत्री झाली. त्यांनी तो फोटो अडवून ठेवला.

लगेच एका शोकसंदेशाखाली कमेंट आली, "वहिनींचा फोटो कोणी अडवला? नाव बघा, म्हणजे कळेल."

ती कमेंट वाचूनही रुबीनाताई आमच्या घरी आल्या. ओसरी पाहुण्यांनी भरलेली होती.

"आप्पा, भाभीचा फोटो आलाय. तुमाला विचारल्याबिगर मी टाकणार न्हाई."

प्रकाशराव ताडकन उठले. "माझी बहीण हाय ती. तू कोण अडवणारी?"

"मी कोणीच न्हाई, भाऊ. नियम भाभीचा हाय."

"लांबचे पाहुणे पोचले न्हाईत. त्यांनी तिला शेवटचं बघायचं न्हाई का? आमच्यात बसवलेलं माणूस देवासारखं दिसतंय. त्यात लाज कसली?"

त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. लाज कसलीच नव्हती.

रुबीनाताईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

कपाळावर भस्म. गळ्यात झेंडूचा हार. मान सावरत नव्हती, म्हणून हनुवटीपासून डोक्यापर्यंत बांधलेली पट्टी. आणि बाजूने येऊन हनुवटी उचलून धरणारा एक हात.

तो हात माझा होता.

मी म्हणालो, "नको."

"दाजी, तुमी बी?" एवढेच बोलून प्रकाशराव न जेवता आपल्या गावी, बोरीला निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी संबंध ठेवला नाही.

रुबीनाताईंनी तो फोटो नाकारलाही नाही. "माझ्या हातानं व्हत न्हाई, आप्पा. तुमी सांगाल तवा." मी सांगितले नाही.

आज सकाळी प्रकाशराव आले. पूजा आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"दाजी, तो फोटो हाय का अजून? माझा मोबाईल विहिरीत पडला. समदं गेलं."

मी म्हटले, लग्नातले आहेत, दुकानाच्या उद्घाटनाचेही आहेत.

"तसले न्हाई. शेवटचा."

आम्ही दोघे रुबीनाताईंकडे गेलो. त्यांनी मशीन थांबवली, सतरंजी अंथरली आणि मोबाईल प्रकाशरावांच्या हाती दिला.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला.

"ही पट्टी कोणी बांधली व्हती?"

"मी."

"अन् हा हात?"

"माझाच."

त्यांनी मोबाईल सतरंजीवर उपडा ठेवला.

"टाकताना हे म्या बघितलंच न्हाई, दाजी. म्या फकस्त आक्का बघितली."

मग ते म्हणाले, "काढून टाका."

रुबीनाताईंनी मोबाईल उचलून माझ्याकडे दिला. मी 'नाकारा' हे बटण दाबले.

आता सुनंदाचे त्या दिवसाचे एकही छायाचित्र या जगात नाही. आपण योग्य केले की नाही, हे मला अद्याप निश्चित सांगता येत नाही.

प्रकाशराव आज मुक्कामाला थांबले आहेत. ते आतल्या खोलीत रडत आहेत आणि मी बाहेर बसून हे लिहीत आहे.

सुनंदा, तुला आम्हा दोघांचा नमस्कार, शरणार्थ.