बाबांनंतरची बुद्धपौर्णिमा

दिवाळीला शेजाऱ्यांकडून मिठाई यायची, ती आम्ही आवडीनं खायचो. पण घरचा सण म्हणजे बुद्धपौर्णिमा. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मूळचे आम्ही विदर्भातले, राहायला दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्या दिवशी आई पहाटेच मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर चढवायची. वंदना झाली की बाबा पातेल्याच्या झाकणावर पंचा घट्ट आवळून बांधायचे आणि आम्ही तिघं ऑटोनं एका मोठ्या सरकारी इस्पितळापाशी जायचो. तिथल्या फुटपाथवर पेशंटांचे नातेवाईक आठवडेच्या आठवडे पथारी टाकून असत. खीर सगळ्यांनाच. ती संपली की बाबा खणखणीत आवाजात विचारायचे, "महाराष्ट्रातलं कोणी आहे का?" दोन-चार हात वर व्हायचेच. मग बाबा तिथेच मांडी घालून त्यांचे फॉर्म भरायचे, कुठल्या खिडकीवर काय म्हणायचं ते हिंदीत पाठ करून घ्यायचे. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. वर मे महिन्याचं ऊन.

मी तेवीस वर्षांची असताना, फेब्रुवारीत बाबा गेले. सकाळी ऑफिसच्या चार्टर्ड बसच्या रांगेत उभे होते. खाली बसले ते उठलेच नाहीत. मला नोएडात एका नव्या कंपनीत लागून तीनच महिने झाले होते. आठवडाभर रजा घेतली आणि परत कामावर गेले. लोक म्हणाले, मुलगी धीराची आहे. धीर कसला, काही वाटतच नव्हतं. दात काढताना हिरडी बधिर करतात तसं सगळं.

क्वार्टर सोडायला अजून मुदत होती, पण आईला तिथे राहवेना. बाबांनी नोएडात फ्लॅट बुक केलेला होता, एप्रिलमध्ये तिथे आलो. समोरच्या इमारतींना अजून खिडक्या बसायच्या होत्या. सामान निम्मं खोक्यांतच होतं, तेवढ्यात पौर्णिमा आली.

"खीर करायची ना?" आईनं विचारलं.

"तुला जमणार असेल तर."

"मला न जमायला काय झालं? तू दूध आण."

झाकणावर पंचा मी बांधला, पण तो सैल राहिला. यमुनेच्या पुलावर खड्डा आला आणि थोडी खीर सीटवर सांडली. ऑटोवाला कुरकुरला. मी ओढणीनं सीट पुसली. आई बाहेर बघत होती.

इस्पितळापाशी रांग लागली. आई द्रोण द्यायची, मी डावानं खीर वाढायची. रांगेतून एक म्हातारा आला, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. आईला म्हणाला, "साहेब नाई आले का जी औंदा?"

मी त्याला ओळखलं नाही. मागच्या वर्षी बायकोच्या गळ्याच्या ऑपरेशनसाठी तो आला होता, बाबांनी त्याचे कागद केले होते. आता तिला तपासणीला आणलं होतं. आई माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "बाबा वारले. फेब्रुवारीत." बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

त्यानं द्रोण खाली ठेवला. "माही बायको आता भाकर खाते," तो म्हणाला. "साहेबाले हेच सांगाचं होतं." आणि दुपट्टा तोंडाशी धरून तो रडायला लागला. त्याच्याबरोबर आईही, तिथेच, उभ्याउभ्या. मी हातात डाव घेऊन उभी होते. मागून कोणी म्हणालं, "दीदी, इधर भी." मी वाढत राहिले.

खीर संपल्यावर त्यानं पिशवीतून घडी घातलेला फॉर्म काढला. मी खाली बसले.

"वय किती त्यांचं?"

"असंन साठेक."

मी साठ लिहिलं. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. कुठे अंगठा द्यायचा ते दाखवलं. त्याच्याबरोबर सुट्टीतही उघड्या असलेल्या एका खिडकीपर्यंत गेले, शिक्का मारून घेतला. बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती. गळ्यावर लांब व्रण. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचा हात गरम होता एवढं आठवतं.

परतताना आई म्हणाली, "तूही रडली असतीस तर मोकळी झाली असतीस."

"येतच नाही गं."

"नाही तर नाही," ती म्हणाली. रागावली नव्हती.

पुढेही आम्ही दर वर्षी जात राहिलो. आईचे गुडघे गेल्यापासून मी एकटीच जाते. ऑफिसातले विचारतात, किती समाधान मिळत असेल ना? खरं सांगायचं तर फारसं नाही. तिथे माणसं असतात, त्यांना फॉर्म वाचता येत नाही, मला येतो. बाबांना समाधान मिळत होतं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तर नळाला पाणी नव्हतं. खरकटं पातेलं बाल्कनीत ठेवलं आणि भर दुपारी जी झोपले ती दिवेलागणीला उठले. आईनं चहा केला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.