सगळ्या तांड्याचा एक नंबर

दिवाळी आटोपली की मानोऱ्याजवळचा हा तांडा रिकामा होतो. माणसं ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. मागे उरतात म्हातारी, कुलपं आणि कोंबड्या. यंदा रामसिंगही उरला. सतरा वर्षं तो टोळीचा मुकादम होता. बारा कोयते, म्हणजे बारा नवरा-बायकोच्या जोड्या, त्याच्या शब्दावर ट्रकात चढत. बायको वारल्यावर तर टोळी हेच त्याचं घर होतं.

गेल्या हंगामाच्या हिशेबात अठरा हजार कमी भरले. कारखान्याच्या चिठ्ठीवर एका रकान्यात '१९४सी' छापलेलं होतं. रामसिंगला तो ट्रकचा नंबर वाटला. टोळीला रामसिंग चोर वाटला. "मुकादमानं खाल्ले," असं सगळ्यांसमोर म्हणाला तो हेमसिंग, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. यंदा टोळी दुसऱ्या मुकादमाबरोबर गेली. ट्रक निघाला तेव्हा रामसिंग ओट्यावर बसून होता. कोणी हात हलवला नाही.

दोन महिने ती चिठ्ठी त्यानं खिशात वागवली. एकोणतीस डिसेंबरला ती मानोऱ्यात सेवा केंद्र चालवणाऱ्या मंजुषासमोर ठेवली.

"काका, हे आयकराचं कलम हाये. ठेकेदाराच्या बिलातून कारखाना शंभराले एक रुपया कापते अन् तुमच्या नावानं सरकारात भरते. सगळ्या टोळीचं बिल तुमच्याच पॅनवर होतं ना?"

"मुकादमाच्याच नावावर असते बाई."

"मंग जुलैत रिटर्न काहून नाई भरलं?"

"रिटर्न तं नोकरीवाल्याईचं असते."

"सगळे असंच म्हणतात. कर लागो न लागो, कापलेलं वापस पाहिजे तं भराच लागते. उशिराचं एकतीस डिसेंबरपर्यंत चालते. मंग विसरा."

रामसिंगनं पिशवीतून वही काढली. बारा जोड्यांची नावं, कोणाला किती वाटले ते, शेवटी त्याला उरलेलं. मंजुषानं मजूर ठेकेदाराचा कोड निवडला, आकडे भरले आणि थांबली.

"आधारच्या नंबरवर ओटीपी गेला. नंबरच्या शेवटी तीन-सात. तुमचा फोन?"

त्याचा नव्हता. फार वर्षांपूर्वी तांड्यात आधारचं शिबिर आलं, तेव्हा फोन एकट्या हेमसिंगकडे होता. साऱ्या तांड्यानं तोच नंबर लिहून दिला होता.

"काका, दहा मिनिटंच चालते तो."

रामसिंगनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"बोला मुकादम," हेमसिंग म्हणाला. "आता काय खायाचं राह्यलं?"

"हेमसिंग, ते पैसे सरकारात हायेत. माह्या नावानं जमा हायेत. वापस येतात, सगळ्याईले वाटतो. तुह्या फोनवर आत्ता आकडे आले, तेवढे सांग."

पलीकडे कोयत्यांचा आवाज येत होता. कच्, कच्. एका बाईनं कोणाला तरी शिवी दिली, कोणीतरी हसलं. कोण हसलं ते रामसिंगनं ओळखलं.

"सरकारात काहून?"

"कापतात तसे. मलेच मालूम नोतं."

कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हेमसिंगनं एकेक करून सहा आकडे सांगितले.

"ठेवू नको," मंजुषाची खूण पाहून रामसिंग घाईनं म्हणाला. "शेवटी अजून एक येते."

संगणकावर पुढचं पान उघडायला वेळ लागत होता. रामसिंगनं फोन कानाला घट्ट दाबून धरला. मोळ्या बांधल्या जात होत्या, ट्रॅक्टर मागे येत होता. त्याची टोळी त्याच्याशिवाय नीट चालली होती.

दुसरा ओटीपी आला. हेमसिंगनं सांगितला.

"पैसे आले की सांगजो," एवढं म्हणून त्यानं ठेवला.

मंजुषानं पावती छापून दिली. "चारेक महिन्यात येतीन. अन् पुढच्या वर्षी भराची गरज नाई, काका. यंदा तुमच्या नावावर बिलच नाई."

"तरी भरता येते?"

"शून्याचं? येते की. पण पहिले तो आधारचा नंबर बदलून घ्या. दरवर्षी कोनाले विचारत बसान?"

रामसिंगनं पावतीची घडी केली आणि जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

"राहू द्या तोच," तो म्हणाला.