नरनाळ्यावरून आणलेलं आभाळ

माझ्या सासऱ्यांनी जावई पाहायच्या आधी आभाळ पाहायला मागितलं.

यात त्यांचा दोष नव्हता. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं आमच्या अकोटच्या कापसाला असा भाव आला, की शहाणी माणसंही बैलांच्या शिंगांना चांदी मढवायला लागली. मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून तसबिरी काढायची पेटी मागवली. ती घेऊन गावभर हिंडायचो, पण तसबीर एकही धड निघेना. (बाबांची एक निघाली, पण तीत डोकं नव्हतं. आईला ती फार आवडली.)

मूर्तिजापूरकडचे सदाशिवजी म्हणजे कापसाचे नावाजलेले पारखी. त्यांच्या काशीला मी एका लग्नात पाहिलं आणि तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्षच उडालं. ती मला द्यावी की नाही, हे सदाशिवजींचं ठरत नव्हतं. शेवटी माझ्या मामाजवळ त्यांनी निरोप धाडला.

"पोरगा डबा घेऊन हिंडते म्हंतेत. नरनाळ्यावरचं सांजचं आभाळ काढून दाखवा म्हना त्याले. उद्या घर पाहाले येतो. जमलं त बोलनं, नाई त राम राम."

झालं. पेटी, काचा, बाटल्या, घोंगड्या घेऊन मी आणि मामा गड चढलो. वर पोचलो तर सातपुड्यावर असं आभाळ पेटलं होतं, ढगांवर ढग, लाल, केशरी, की मला खरंच भरून आलं. भरून येण्यात बराच वेळ गेला. मग आठवलं, काचेला औषध लावायचं राहिलं. ते ओलं असतानाच तसबीर घ्यायची आणि लगेच अंधारात धुवायची. अंधारासाठी मामा माझ्यावर घोंगडी धरून उभे.

"मामा, नीट धरा. अन् औषधाचा वास घेऊ नका."

"कावून? चांगला त वास हाय." थोड्या वेळानं ते म्हणाले, "भाच्या, तू दोन दोन कावून दिसून राहिला बे?"

मग ते हसत हसत खाली बसले आणि घोंगडीही त्यांच्याबरोबर बसली.

काचेवर काय निघालं, ते त्या तिन्हीसांजेच्या उजेडात कळेना. मी वरून रोगण फासलं. आता फुटू नये म्हणून काय करायचं? कापूसवाल्याच्या घरात नाजूक वस्तू म्हटली की हात रुईकडंच जातो. घरून आणलेल्या रुईत मी काच छान गुंडाळली. रोगण वाळायचं होतं, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सदाशिवजी पाव्हण्यांना घेऊन आले आणि भरल्या बैठकीत मी रुई सोडली. म्हणजे सुटेल तेवढी सोडली. खाली ठार काळी काच. (लाल उजेड त्या औषधाला दिसतच नाही, हे मला फार पुढं कळलं. सूर्यास्त काढणाऱ्याला याहून चांगलं औषध मिळालं नसतं.) आणि त्या काळ्यावर जागोजागी चिकटलेले पांढरेशुभ्र पुंजके.

काशी गेली हातची, असं मनात म्हणतोय तोच बाबा म्हणाले, "ढग त झकास आले."

"अस्से ढग पाहाले नाई," पाव्हणे म्हणाले. काच हातोहात फिरली. माझ्या जिवात जीव आला.

ती सदाशिवजींच्या हातात गेली. त्यांनी डोळ्यांजवळ धरली. मग दोन बोटांनी आभाळातला एक ढग उपटला, चिमटीत धरून हळूच ताणला.

"हा ढग कोनत्या वावरातला?" त्यांनी बाबांना विचारलं.

"वढ्याकाठच्या," बाबांच्या तोंडून निघून गेलं.

"धागा लांब हाय. कचरा नाई. वावर पाहून येऊ, चला."

सगळे वावर पाहायला गेले. मी काच पुसत बसलो. ते परतले ते साखरपुड्याचंच बोलत.

आता नातवंडं विचारतात, आजीच्या घरच्यांनी तुम्हाला कसं काय पसंत केलं? मी घसा खाकरून तसबिरीचं सांगायला लागतो, तर काशी आतूनच सांगते, "मले त वढ्याकाठच्या वावराले देलं होतं रे. हे त त्या वावरासंगं आपसूक आले."