सरांच्या गाडीचा अर्थ

लालबागच्या आमच्या गॅरेजमध्ये कामापेक्षा किस्से जास्त साठतात. जुना पार्ट निदान भंगारात तरी जातो, किस्सा तिथेच राहतो. एरवी मी माझ्या हुशारीचे सांगतो. आजचे मात्र लाज वाटावी असे आहेत, आणि बहुतेक एकाच गाडीचे. कधी चालू व्हायची, कधी नाही.

*

गाडी वाघमारे सरांची. सर मराठी शिकवून रिटायर झालेले, राहायला अँटॉप हिलला. मॅडमना पॅरालिसिस झाल्यापासून आठवड्यातून तीनदा परळला फिजिओथेरपीला न्यायचं. टॅक्सीत त्यांना बसता यायचं नाही, या गाडीची पुढची सीट तेवढी त्यांच्या बेताची. त्यामुळे ती सकाळी चालू होणं भाग होतं.

गॅरेजमध्ये मी दहा वेळा चावी फिरवली. दहाही वेळा चालू. म्हटलं, "सर, गाडीत काही प्रॉब्लेम नाही."

सर म्हणाले, "आमची मुलं घरी पास, परीक्षेत नापास. हिचं उलटं आहे."

*

दुसऱ्या खेपेला मी छाती काढून सांगितलं, "बॅटरी गेली." नवी बसवली. दोन दिवसांनी सरांचा फोन, गाडी बंद. त्यांची ती 'गेलेली' बॅटरी आजही आमच्या टेम्पोला आहे. एकदाही दगा दिलेला नाही.

*

मध्येच दत्तूचा किस्सा. दत्तू माझा पार्टनर. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरला आम्ही नुसतं 'अर्थ' म्हणतो. तो तुटला की गाडी मेली. एकदा दत्तूने एका वकिलांना फोनवर सांगितलं, "साहेब, तुमचा अर्थ लूज आहे."

"मालकाला फोन दे!"

वकिलांना समजावता समजावता माझा चहा निवला. दत्तूला झापलं, "कस्टमरशी बोलताना शब्द बघून वापर रे."

"मग काय बोलू, शशीदा?" मी दुसरा चहा मागवला.

*

तिसऱ्या खेपेला सरांनी वही आणली. रेघा मारून, वळणदार अक्षरात रकाने: वार, वेळ, चालू की बंद, आणखी काय काय. "यातून काही कळतं का बघा, शशीभाऊ."

मी "ठेवा" म्हटलं आणि हात पुसायला तिचंच एक कोरं पान फाडलं. सरांनी ते पाहिलं. वही माझ्याकडे जरा सरकवून ठेवली.

*

गाडी चौथ्यांदा आली तेव्हा ती वही मी उघडली. शेवटचा रकाना होता, 'कुठे लावली होती'. 'बंद'च्या प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: चढावर. आमचं गॅरेज सपाट. जॅकने गाडी पुढून उचलली आणि सेल मारला. टक् झालं आणि गप्प. चढावर इंजिन मागे कलायचं आणि अर्धा तुटलेला अर्थ सुटायचा. सरांनी सगळं लिहून दिलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

नवा अर्थ आणून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला लगेच गावी लग्नाला निघायचं होतं, म्हणून गाडी खाली घेऊन, बाहेर रस्त्यावर काढून दत्तूसाठी वायपरखाली चिठ्ठी लावली: 'सरांच्या गाडीला अर्थ नाही. उगाच सेल मारत बसू नको.'

चार दिवसांनी आलो तर गाडी नाही. दत्तू म्हणाला, "मी यायच्या आधीच सर घेऊन गेले. दुसरी चावी होती त्यांच्याकडे. दुसऱ्या गॅरेजला दिली असणार." फोन करायला दोघांनाही तोंड नव्हतं.

महिन्याभराने सर आले. वही न्यायला.

"गाडी काय म्हणते, सर?"

"दिली भंगारात."

"आणि मॅडमची फिजिओथेरपी?"

"सध्या बंद आहे." त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, घडी नीट केली. "मी रागावलो नाही, शशीभाऊ. कोणीतरी हे आम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं होतं. आमच्या हिने तर दोनदा वाचून घेतली."

ड्रॉवर उघडाच होता, नवा अर्थ पॅकिंगसकट समोर पडलेला. मी गुडघ्याने ड्रॉवर बंद केला आणि म्हटलं, "बसा सर, वही देतो."